घरी रोमन केना करताय? तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

रोमन थीमचं जेवण म्हटलं की बऱ्याच ठिकाणी टेबलावर पास्ता येतो, वर टोमॅटोचा लालभडक सॉस, शेजारी काटेचमचे, आणि सगळ्यांनी चादरी गुंडाळलेल्या. मग फोटो टाकून लिहितात प्राचीन रोमन मेजवानी. मेहनत खरी असते, पैसेही खर्च झालेले असतात, म्हणूनच वाईट वाटतं. आणि खरं रोमन जेवण आपल्याकडच्या सामानात फार चांगलं जमतं, हिंग, पिंपळी, जिरं, धणे, अख्खा मसूर, दुधी, मध, खजूर, यातलं निम्मं तर घरातच असतं. फक्त तयारी आणि क्रम नीट पाळावा लागतो.

केना म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण, दुपार उतरत आली की सुरू होणारं. खालची मापं सहा जणांची आहेत. पाककृती मुख्यतः अपिशियसच्या नावावर असलेल्या संग्रहातल्या आणि केटोच्या शेतीवरच्या पुस्तकातल्या. एक लक्षात ठेवा की अपिशियसमध्ये मापं जवळपास नाहीतच, म्हणजे त्या पाककृतींना दिलेली मापं माझी आहेत, तुमच्या जिभेप्रमाणे बदला. केटो मात्र नीट वजनं देतो.

१. आधी काय आणायचं नाही ते ठरवा

यादी करण्याआधी हे करा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, बटाटा, मका, राजमा, लाल भोपळा, शेंगदाणे, काजू, हे सगळं अमेरिकेतून आलेलं, रोमनांनी कधी पाहिलंच नाही. वांगं, पालक, हळद नको. साखर भारतातून यायची ती औषध म्हणून, पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने तसं स्पष्ट लिहून ठेवलंय, स्वयंपाकात गोडाला मध किंवा आटवलेला द्राक्षरस. लोणी त्यांना परक्या टोळ्यांचं खाणं वाटायचं, म्हणून ऑलिव्ह तेल. आंबटाला लिंबू पिळू नका, व्हिनेगर घ्या, आणि तेही द्राक्षाचं, दुकानात मिळणारं पांढरं सिंथेटिक नको, त्याने सगळ्या पदार्थांना एकच उग्र चव येते.

लपलेली चूक म्हणजे कॉर्नफ्लोअर. रोमन सॉस घट्ट करायला गव्हाचं सत्त्व वापरायचे आणि केटोने ते करायची जी पद्धत दिलीये ती वाचली तर आपल्या कुरडयांच्या चिकाचीच आहे, गहू दहा दिवस भिजवायचा, दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, मग चीक गाळून उन्हात वाळवायचा. घरी कुणी कुरडया करत असेल तर वाटीभर चीक वाळवून मागा, यापेक्षा अस्सल काही मिळणार नाही.

तपासा: यादीत लाल रंगाचं काही दिसतंय का? मसूर, बीट, फळं आणि वाइन सोडून बाकी बहुधा चुकीचं असणार.

२. आठवडाभर आधीची खरेदी

फिश सॉस. रोमन स्वयंपाकाचं मीठ म्हणजे लिक्वामेन किंवा गारुम, मासे मिठात आंबवून काढलेला पातळ रस. आज थाई किंवा व्हिएतनामी फिश सॉस त्याच्या अगदी जवळचा आहे. बाटलीवरचं लेबल वाचा, मासे आणि मीठ एवढंच असलेली बाटली सर्वात चांगली, साखर घातलेली परत ठेवा.

शाकाहारी असाल तर साधा मार्ग म्हणजे मिठाचं दाट पाणी. पण वेळ असेल तर पॅलेडियस नावाच्या शेतीलेखकाने नाशपातीचं लिक्वामेन दिलंय, व्रत पाळणाऱ्यांसाठी. अगदी पिकलेली नाशपाती खड्याच्या मिठासोबत चेचायची, बरणीत ठेवायची आणि तीन महिन्यांनी सुटलेला रस गाळून घ्यायचा. म्हणजे आठवड्याचं काम नाही हे, डोक्यात असेल तर आत्ताच सुरू करा.

हिंग. रोमनांना सिल्फियम नावाची वनस्पती फार आवडायची, ती पहिल्या शतकापर्यंत जवळपास संपली, मग त्यांनी पार्थियाकडून, म्हणजे आजच्या इराणकडून, येणारा पर्याय धरला आणि तो म्हणजे आपला हिंग. नेहमीच्या डबीतला बांधानी हिंग नको, त्यात पीठ आणि डिंक असतो, हिरा हिंगाचे खडे घ्या. आता अपिशियसची युक्ती, जी आपल्याकडेही वापरायला हरकत नाही. काचेच्या बरणीत हिंगाचा खडा आणि वीसेक चिलगोजे एकत्र ठेवायचे. काही दिवसांत चिलगोज्यांना हिंगाचा वास लागतो, मग पदार्थात हिंगाऐवजी तेच कुटून घालायचे. यासाठीच आठवडा लागतो, आदल्या दिवशी केलंत तर काही उपयोग नाही.

मिरी आणि पिंपळी. पिंपळी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. प्लिनीने रोममधले भाव दिलेत, पिंपळी पौंडाला १५ दिनार, पांढरी मिरी ७, काळी ४. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात भरूच बंदरातून निघणाऱ्या मालात पिंपळी आहे, आणि त्याच बंदरात पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल जायचा असंही त्यात लिहिलंय. म्हणून श्रीमंती केना करायचं असेल तर निम्मी मिरी, निम्मी पिंपळी असं कुटा, चव एकदम खोल होते.

लॉरेल आणि तमालपत्र यात गोंधळ नको. लिबुम म्हणजे चीज आणि पिठाचा भाजलेला गोळा, त्याच्याखाली केटो पानं घालायला सांगतो, कुठली ते लिहीत नाही, आपण लॉरेलची घेऊ, म्हणजे सुपरमार्केटात मिळणारी बे लीफ. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, वास वेगळा. ओळख सोपी आहे, तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन उभ्या शिरा असतात, लॉरेलला मधोमध एकच.

लवेज नावाचा पाला रोमन मसाल्यात सारखा येतो, आपल्याकडे मिळत नाही, सेलरीची पानं घ्या. सताप बऱ्याच जणांच्या कुंडीत असतो, तोही त्यांच्या मसाल्यात आहे.

सावध: सताप दोन-चार पानांपेक्षा जास्त नको, आणि पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर अजिबात घालू नका.

३. मेनू लहान ठेवा

नाटक-सिनेमात दाखवतात तसे मोराचे पिसारे वगैरे करायच्या भानगडीत पडू नका. धाकट्या प्लिनीने, म्हणजे थोरल्याच्या भाच्याने, जेवायला न आलेल्या एका मित्राला रागावून पत्र लिहिलंय, त्यात काय काय तयार होतं ते मोजून सांगितलंय, माणशी एक लेट्यूस, तीन गोगलगायी, दोन अंडी, शिवाय ऑलिव्ह, बीट, दुधी, कांदे. हा माणूस श्रीमंत होता बरं का, तरी त्याचा बेत एवढाच. म्हणून आपला बेतही तीन भागांत, अंड्यापासून सुरुवात आणि फळांवर शेवट.

सुरुवातीला, म्हणजे गुस्तातिओला: लेट्यूस, ऑलिव्ह, अंडी आणि त्यावर चिलगोज्यांचा सॉस, तळलेला दुधी, मोरेतुम (लसूण घालून कुटलेल्या चीजचा गोळा) आणि पाव.
मुख्य जेवणाला: पार्थियन कोंबडी आणि मसूर.
शेवटी: भरलेला खजूर, लिबुम, सफरचंद, द्राक्षं, डाळिंब.

४. आदल्या दिवशी

द्राक्षरस आटवणं. काळ्या द्राक्षांचा एक लिटर रस, बिनसाखरेचा, मंद आचेवर तिसरा हिस्सा उरेपर्यंत. स्टीलचंच भांडं घ्या. रोमन हा रस शिशाच्या भांड्यात आटवायचे, शिशाने गोडवा वाढतो आणि ते विष आहे, म्हणून अस्सलपणाच्या नादात जुनी, कशाची आहेत ते माहीत नसलेली भांडी काढू नका. शेवटची दहा मिनिटं समोरून हलू नका, करपला की कडू होतो आणि मग दुरुस्त होत नाही.

मुल्सुम. कोरडी पांढरी वाइन ७५० मिली, त्यात साधारण १०० ग्रॅम मध. अर्धा कप वाइन कोमट करून त्यात मध विरघळवा, मग बाकीची मिसळा, रात्रभर फ्रीजमध्ये. सगळी बाटली गरम करू नका.

चीज. लिबुम आणि मोरेतुमला लागतं. लिबुमसाठी ताजा छेना घरी फोडा, कापडात टांगून ठेवा, पण वजन ठेवून दाबू नका. बाजारातलं पनीर दाबलेलं आणि रबरासारखं असतं, कितीही कुटलं तरी दाणे राहतात. शेळीचं दूध मिळालं तर फार उत्तम. मोरेतुमसाठी खारट, मुरलेलं, कडक चीज विकत आणा, शक्यतो मेंढीच्या दुधाचं.

बदाम किंवा चिलगोजे भिजत घाला, अंड्याच्या सॉससाठी, ५० ग्रॅम. चिलगोजे महाग पडतात, बदाम चालतात, रोमनही वापरायचेच.

पाहुण्यांना निरोप: प्रत्येकाने आपला मोठा रुमाल घेऊन यायचा. त्याला मप्पा म्हणायचे, हात पुसायला आणि उरलेलं बांधून न्यायला.

५. खलबत्ता, आणि इथला क्रम मोडायचा नाही

माझ्या मते सगळं रोमन जेवण इथे जमतं किंवा बिघडतं. लोक सगळं एकदम मिक्सरच्या भांड्यात टाकतात आणि हिरवट चिकट चटणी निघते, वास येतो तो फक्त फिश सॉसचा. अपिशियसची पाककृती बहुतेक वेळा मिरी कुटा अशीच सुरू होते आणि पुढचं ज्या ओळीने लिहिलंय त्या ओळीनेच घालायचं असतं:

पहिलं, कोरडे मसाले, मिरी, जिरं, धणे, अगदी बारीक.
दुसरं, पाला. कोरड्या मसाल्याच्या भुकटीवर पाला चांगला कुटला जातो.
तिसरं, भिजवलेले बदाम किंवा चिलगोजे.
चौथं, मध, मग व्हिनेगर.
पाचवं, फिश सॉस, थेंब थेंब, चाखत.
सहावं, वाइन किंवा आटवलेला रस, आणि तेल.
सत्त्व घालून घट्ट करायचं असेल तर ते शिजवताना अगदी शेवटी. आणि वाढताना वरून परत थोडी ताजी मिरी.

सावध: मीठ वेगळं घालू नका. फिश सॉस हेच मीठ आहे. दोन्ही पडलं की पदार्थ फेकून द्यावा लागतो, मधाने ते झाकत नाही.

तपासा: बोटाने चाखा. आधी गोड, लगेच आंबट, मग खारट आणि शेवटी घशात मिरी, असं जाणवलं पाहिजे. माशाचा वास वेगळा ओळखू आला तर फिश सॉस जास्त झालाय, थोडं व्हिनेगर आणि मध वाढवा.

६. जेवणाच्या दिवशीचा स्वयंपाक, याच क्रमाने

लिबुम सगळ्यात आधी. केटोचं माप दोन पौंड चीज, एक पौंड पीठ, एक अंडं, आणि रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा. निम्मं करा, म्हणजे ३२५ ग्रॅम छेना, १६० ग्रॅम पीठ, एक लहान अंडं. केटो म्हणतो मऊ हवं असेल तर पीठ अर्ध्यावर आणा, मी तेच सुचवेन, ८० ग्रॅम. छेना आधी एकटाच खूप कुटायचा, लोण्यासारखा होईपर्यंत, ही पायरी सोडली की लिबुम दगड होतं. मग पीठ, मग अंडं. गोळे करून लॉरेलच्या पानांवर ठेवा, वर मातीचं भांडं किंवा दुसरा टिन पालथा घाला, १८० डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं. झाकण महत्त्वाचं, केटोही झाकून भाजायलाच सांगतो. त्याच्या कृतीत मध नाहीये, हा देवाला वाहायचा पदार्थ होता. वाढताना मध शेजारी ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

मसूर. अख्खा मसूर ३०० ग्रॅम, कुकर नको, उघड्या भांड्यात शिजवा आणि वर येणारा फेस काढत राहा. अर्धा शिजला की लीक किंवा कांद्याची पात आणि कोथिंबीर. खलबत्त्यात धणे, पुदिना, सतापाची दोन पानं, हिंग लागलेले चार-पाच चिलगोजे, मग दोन चमचे मध, तीन चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा फिश सॉस, दोन चमचे आटवलेला रस. हे मसुरात घालून दहा मिनिटं शिजवा. उतरवल्यावर कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरी. आमटीसारखा पातळ ठेवू नका, का ते पुढच्या टप्प्यात कळेल. फोडणीचा मोह होतो, हात आवरा.

पार्थियन कोंबडी. एक किलोचे लहान तुकडे. खलबत्त्यात एक चमचा मिरी, मूठभर सेलरीची पानं, अर्धा चमचा कॅरवे, ते नसेल तर शहाजिरं. त्यात दोन मोठे चमचे फिश सॉस आणि १५० मिली वाइन. मातीच्या पसरट भांड्यात कोंबडी, वरून हा मसाला. हिरा हिंगाचा हरभऱ्याएवढा खडा कोमट पाण्यात विरघळवून तेही ओता, कोरडा टाकलात तर एकाच घासात सगळा हिंग येतो. झाकून १९० डिग्रीला चाळीस मिनिटं, मग झाकण काढून पंधरा-वीस. मातीचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये थंडगार ठेवू नका, तडकतं.

तपासा: मांडीच्या तुकड्यात सुरी घातली की पाणी स्वच्छ यायला हवं.

मोरेतुम. लसणीच्या चार पाकळ्या मिठासोबत, मग १५० ग्रॅम चीज, मग कोथिंबीर, सेलरीची पानं, सतापाचं एखादं पान, शेवटी तेलाचे आणि व्हिनेगरचे थेंब. यात फिश सॉस नाही म्हणून मीठ आहे, आणि चीज खारट असेल तर तेही चिमूटभरच. गोळा वळून ठेवा.

दुधी. बोटाएवढे जाड काप, ऑलिव्ह तेलात दोन्हीकडून सोनेरी, वरून वाइन आणि फिश सॉसचं मिश्रण, मिरी. यात काही चुकण्यासारखं नाही.

अंडी. वाढायच्या अर्धा तास आधी, पाणी उकळल्यावर सात मिनिटं. सॉस: अर्धा चमचा मिरी, सेलरीची पानं, भिजवलेले बदाम, एक मोठा चमचा मध, दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक छोटा चमचा फिश सॉस. सॉस अंड्यांवर आधीच ओतून ठेवला की तो पाणी सोडतो, ताटात वाढतानाच घाला.

७. बैठक

डायनिंग टेबल आणि खुर्च्या बाजूला. तीन गाद्या यू आकारात मांडा, चौथी बाजू वाढणाऱ्यांसाठी मोकळी. मधे बुटका चौरंग. गादीवर तिघं, म्हणजे जास्तीत जास्त नऊ जण, आपण सहाच आहोत तर दोघं दोघं आरामात. प्रत्येकाला डाव्या कोपराखाली लोड, पाय मागे, डोकं चौरंगाकडे. चपला बाहेर, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

मोकळ्या बाजूने उभं राहून बघितलं तर उजवीकडची वरची गादी, समोरची मधली, डावीकडची खालची. मुख्य पाहुणा मधल्या गादीवर डावीकडच्या टोकाला, यजमान खालच्या गादीवर त्याच्या लगतच्या जागी, म्हणजे दोघांना बोलता येतं. बहुतेक लोक यजमानाला मधोमध बसवतात, ते चूक.

डावा हात लोडावर अडकलेला असतो, म्हणून सगळं उजव्या हाताने. काटे नाहीत, ताटाशेजारी सुरी नाही. म्हणूनच कोंबडीचे तुकडे लहान, मसूर घट्ट. मसुराला आणि अंड्याला चमचा द्या, तेवढा त्यांच्याकडे होता.

तपासा: पाहुणे यायच्या आधी स्वतः डाव्या कुशीवर रेलून एक घास खाऊन बघा. चौरंग उंच असेल तर लगेच कळतं.

आणि एक, शाळेत किंवा मुलांसोबत हे करत असाल तर हे जरूर सांगा की हात धुवायला पाणी घालणारी, वाढणारी, स्वयंपाक करणारी माणसं बहुतेक गुलाम होती. रोममधले सामान्य लोक असे रेलून जेवायचेच नाहीत, कोपऱ्यावरच्या खानावळीत काहीतरी घ्यायचे, नाहीतर घरी पाव, पेज, कडधान्यं. हे लपवून मेजवानी दाखवणं मला पटत नाही.

८. वाढण्याचा क्रम

पाहुणे टेकले की हातावर पाणी, मग मुल्सुम आणि गुस्तातिओ. सगळं एकदम मांडू नका, आपल्या पानासारखं डावी-उजवी बाजू इथे नाही, एक टप्पा संपला की ताटल्या उचलायच्या, परत हातावर पाणी, मग पुढचं.

मुख्य जेवणासोबत वाइन पाणी घालूनच, एक भाग वाइनला दोन भाग पाणी. निव्वळ वाइन पिणं त्यांना रानटीपणाचं लक्षण वाटायचं. दारू नको असेल तर आटवलेल्या द्राक्षरसात थंड पाणी घाला, किंवा पोस्का द्या, म्हणजे पाण्यात थोडं व्हिनेगर, सैनिक हेच प्यायचे.

मुख्य जेवण संपलं की घरच्या देवांसाठी थोडं बाजूला काढायचे, लिबुमचा एक तुकडा ठेवा, मग गोड.

९. खजूर, आणि आवराआवर

खजूर आधी भरून ठेवा, पण तळायचे ते मुख्य जेवण संपत आलं की. माणशी तीन. बी काढून आत अक्रोड किंवा बदाम आणि चिमूटभर कुटलेली मिरी, बाहेरून किंचित मीठ लावा. हे मीठ बरेच जण गाळतात आणि मग नुसता गोडमिट्ट होतो, गाळू नका. पसरट तव्यात सहा चमचे मध मंद आचेवर फेसाळू द्या, खजूर सोडा, दोन मिनिटं फिरवा, काढा. आच मोठी झाली की मध मिनिटाभरात काळा पडतो. आणि हा मध भयंकर तापलेला असतो, वाढण्याआधी पाच मिनिटं थांबा, विशेषतः मुलं असतील तर.

फळं चिरून नका देऊ, अख्खी ठेवा, फक्त डाळिंब फोडून.

उरलेलं ज्याच्या त्याच्या रुमालात बांधून द्या, कोंबडी मात्र डब्यात. फिश सॉस घातलेले सॉस फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात, अंड्याचा सॉस त्याच दिवशी संपवा. आटवलेला रस स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. हिंगाच्या बरणीतून जेवढे चिलगोजे काढले तेवढेच नवे टाकून झाकण घट्ट लावा, अपिशियसही तेच सांगतो, आणि बरणी चहा-साखरेच्या डब्यांपासून लांब ठेवा.